सोडला का गॅस?

मी एक जुनी गॅसची टाकी आहे. राखाडी अंगाची, पिवळ्या डोक्याची. स्वयंपाकघरातली माझी बहीण भरून घरी येते नि रिकामी होऊन परत जाते. माझं सगळंच उलटं. मला कारखान्यातून रिकामीच धाडली. जुन्या फ्रिजमधला गॅस पोटात घ्यायचा आणि थेंबभरही बाहेर न जाऊ देता शुद्धीकरण केंद्रात पोचवायचा, एवढंच माझं काम.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? मित्रांनो, तो गॅस ना डोळ्यांना दिसत, ना नाकाला कळत. पण मोकळा सुटला की हळूहळू वर चढतो आणि वर्षानुवर्षं ओझोनचा थर कुरतडत बसतो. उन्हातले न दिसणारे, जाळणारे किरण तोच थर अडवतो. तो विरळ झाला तर माणसांची कातडी, डोळे, शेतातली रोपं, पाण्यातले बारीक जीव, सगळ्यांनाच झळ बसते.

मला आणलं फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मामांनी. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते. त्यांच्या नातीची कातडी जन्मापासून इतकी नाजूक, की जरा उन्हात गेली तरी लालबुंद होते. ती रुंद टोपी घालून दुकानात यायची आणि माझ्यावरच ठाण मांडायची. मामा मला थोपटून तिला सांगायचे, "ही आपली राखणदार बरं का. तुझ्या डोक्यावरचं छप्पर सांभाळते." माझी छाती फुगायची. म्हणजे पोटच, पण असू दे.

फ्रिज उघडला की मामांची मुलगी आतून विचारायची, "बाबा, सोडला का गॅस?" मामा म्हणायचे, "सोडला." म्हणजे माझ्यात सोडला. आमच्या दुकानात त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.

मग काम वाढलं. गॅस खेचायचं यंत्र लावा, नळी जोडा, काटा बघत बसा, यात बराच वेळ मोडायचा. एके दुपारी गिऱ्हाईक दारात पाय आपटत उभं होतं. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फ्रिज मागच्या खिडकीशी ओढला आणि नळी कापली. फुस्स झालं.

"बाबा, सोडला का गॅस?"

"सोडला," मामा म्हणाले.

शब्द तोच, आवाजही तोच. म्हणून तर जास्त लागलं. पुढे तसाच रिवाज पडला आणि मी दार अडवायच्या कामाला लागले. परक्याने दगा दिला असता तर गिळलं असतं मी. पण ज्यांनी राखणदार म्हटलं, त्यांनीच माझ्या तोंडाला पानं पुसली. जगभरच्या लोकांनी असले गॅस बंद करायचे ठरवले, थर आता कुठे भरून येतोय, आणि आमच्या खिडकीतून हे चाललंय!

काल नात आली. माझ्यावर बसायला गेली, तशी मी कलंडले. भरलेली असते तर जागची हलले नसते.

"आजोबा, ही तर रिकामीच आहे. आईला तर तुम्ही आत्ताच म्हणालात, सोडला."

मामांनी मला उचलून सरळ उभं केलं.

"मग कुठे सोडलात?"

मामांनी तिची टोपी नीट बसवली, बस्स.

मित्रांनो, तुमच्या घरचा जुना फ्रिज दुरुस्तीला किंवा भंगारात निघेल, तेव्हा गॅस सोडला का, असं विचारू नका. कुठे सोडला, ते विचारा. मी अजून दाराशी रिकामीच उभी आहे.