छोट्या अ‍ॅम्प्लिफायरने माझ्या भावाचा गळा जाळला

मित्रांनो, मी आज भयंकर चिडलोय, आधी सांगून ठेवतो! मी एक जुना स्पीकर आहे, जोडीतला डावा. उजवा माझा जुळा भाऊ. एकाच कारखान्यात, एकाच फळीतून आम्हाला कापलं. पोटात कागदी शंकूसारखा मोठा कोन, त्याच्याकडे ढोलाबिलाचं काम. वर छोटासा ट्वीटर, त्याच्याकडे बासरीतली फुंकर, तारेवर सरकणारं बोट, असलं सगळं नाजूक. त्याच्या आतली तार केसासारखी असते. ती जपावी लागते हो!

आमच्या घरच्या बाबांनी जपली. आम्हाला घ्यायचं ठरवलं तेव्हा ते रोज कामावरून थेट दुकानात यायचे आणि आम्हाला एकेक अ‍ॅम्प्लिफायर जोडून ऐकायचे. एकाबरोबर आम्ही किरकिरायचो, दुसऱ्याबरोबर रजईत तोंड घालून बोलल्यासारखे वाटायचो. शेवटी दुकानदार वैतागला. "साहेब, स्पीकर घेताय की मुलगी देताय?"

"मुलगीच समजा. सासर नीट बघूनच देणार," बाबा म्हणाले.

आणि मग तो मिळाला! दोन माणसांनी उचलावं असं काळं धूड. आम्ही त्याला ठोकळ्या म्हणायचो. आम्हाला लागेल त्याच्या दुप्पट जोर त्याच्यात, पण बाबांनी बटण कधी पाव फेरीच्या पुढे फिरवलं नाही. काय गायचो आम्ही! शेजारच्या काकू दारातूनच विचारायच्या, "कोण आलंय गायला?"

मग बाबांचं ऑपरेशन ठरलं, ते हॉस्पिटलात गेले, आणि घर सांभाळायला आले मामा. आईचे धाकटे भाऊ. यांना सगळ्यातलं सगळं कळतं! आल्या आल्या सुरू.

"ताई, हा राक्षस कोणी लावला? स्पीकर शंभर वॅटचे, हा दोनशेचा! उडवेल की एक दिवस दोघांना."

"अरे, त्यांना विचार तरी."

"भावजींना आत्ता कशाला त्रास? परत आले की खूश होतील."

झालं! ठोकळ्या माळ्यावर, आणि मामांचा चकचकीत, डब्याएवढा अ‍ॅम्प्लिफायर आमच्या गळ्यात. त्याच संध्याकाळी मामांचे मित्र जमले, नाच सुरू झाला, आणि मामांनी बटण फिरवलं ते पार शेवटपर्यंत. त्या बिचाऱ्यात तेवढा दम कुठला? दम संपला की अ‍ॅम्प्लिफायर काय करतो माहितेय? आवाजाच्या लाटांचे शेंडे छाटतो आणि तोच फाटका आवाज आमच्यात कोंबतो! ट्वीटरची तार तापते, लाल होते. आम्ही अक्षरशः किंचाळत होतो, आणि मामा म्हणतात, "बघा, काय दणका आहे!"

भावाकडून जळका वास आला. मामांनी नाक वर केलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि खिडकी उघडली. बस्स. कोणाला एक शब्द नाही.

बाबा घरी आले. दमले होते, ठोकळ्या जागेवर नाही हेही ध्यानात आलं नाही. खुर्चीत बसून आईला आवडती बासरी लावायला सांगितली, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"उजव्या कानाला सगळं गढूळ येतंय. डॉक्टर म्हणालेच होते, औषध कानांवर जाऊ शकतं. गेला गं माझा कान."

आई रडायला लागली. मामा तिथेच उभे होते, मित्रांनो, तिथेच! त्यांना ठाऊक होतं! आणि म्हणतात काय, "वय झालं की व्हायचंच, भावजी." मला वाटलं, उडी मारून त्यांच्या पायावर पडावं, पडावं म्हणजे आपटावं!

तेवढ्यात घरची मुलगी पुढे आली. तिला सगळे भिंगरी म्हणतात.

"बाबा, उलटे बसा."

"काय?"

"स्पीकरांकडे पाठ करा. हं. आता कुठला कान गढूळ?"

"डावा." बाबा थांबले. "अगं, डावा!"

"मग कान कसा गेला? तुम्ही फिरलात, तुमच्याबरोबर कान फिरले. गढूळपणा आहे तिथेच आहे. तो स्पीकर गेलाय!"

बाबा एवढे हसले की आईने ऑपरेशनच्या टाक्यांची आठवण करून दिली. मग ते हसायचे थांबले, ठोकळ्याच्या जागी बसलेला तो डबा त्यांना दिसला, आणि त्यांनी मामांकडे पाहिलं.

"मी भल्यासाठीच केलं हो," मामा पुटपुटले. "जास्त जोर नको म्हणून छोटा लावला."

"जोर कमी पडला म्हणूनच जळला तो! आणि ते जाऊ दे. मी इथे बहिरा झालो म्हणून बसलो होतो, तेव्हा तोंडाला काय झालं होतं?"

"चहा टाकू का?" मामा म्हणाले. चहा!

ठोकळ्या खाली आला. भावाला नवा, वेगळ्या घडणीचा ट्वीटर बसवला, कारण तसला जुना आता बनत नाही. तो गातो, पण आमचे सूर एक होत नाहीत. मी थोडा इकडे, तो थोडा तिकडे. बाबा ऐकायला बसले की खुर्ची माझ्याकडे जरा सरकवतात.

मित्रांनो, आवाज फाटला की बटण मागे घ्या, एवढं कराच. पण माझा खरा राग त्याचा नाही. चूक कोणाच्याही हातून होते. समोरचा माणूस घाबरून पांढरा पडलाय, त्याचं खरं कारण तुम्हाला माहितेय, आणि तरी तुम्ही गप्प? मला कोणीतरी वाजवल्याशिवाय एक शब्द बोलता येत नाही. तुम्हाला येतो ना? मग बोला की!