आवाज बसलेली करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. पण दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची ती गरीब करवत नव्हे बरं! माझ्या पोटात पेट्रोलवर चालणारं इंजिन आहे, पुढे हातभर लांब पोलादी पट्टी आहे आणि त्या पट्टीवरून दातेरी साखळी गरागरा फिरते. फिरायची, असं म्हणायला हवं. सध्या मी मागच्या खोलीत खुंटीला टांगलेली आहे. माझ्या अंगाला तेल आहे, दातांना धार आहे आणि इंजिन अगदी ठणठणीत आहे. तरी या घरात माझ्याबद्दल एक खोटी गोष्ट सांगितली जाते. ती खोटी आहे हे मला पुरतं ठाऊक आहे, आणि मी गप्प बसते. आयुष्यभर तोंडाळ म्हणून मिरवलेली मी गप्प का बसले, ते ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. लाल रंग अंगावर वाळतो न वाळतो तोच मला तपासणीच्या बाकावर ठेवलं आणि माझी दोरी ओढली. मी अशी काही गर्जले की शेजारी उभ्या तपासनिसाचा चहा त्याच्या सदऱ्यावर सांडला. "बाप रे, ही भलतीच तोंडाळ आहे!" तो म्हणाला. मला ते कौतुकच वाटलं. खरं सांगते, तेव्हापासून मी माझ्या आवाजावर फार भाळले.

पुढे मी एका लाकडाच्या वखारीत गेले आणि तिथे मला माझा धनी भेटला. सत्तावीस वर्षं मी त्याच्या हातात होते. ओंडके कापले, वादळात रस्त्यावर आडवी पडलेली झाडं कापली, एकदा तर एका घराच्या छपरावर कोसळलेलं झाड कौलाला धक्का न लावता कापून उतरवलं. धनी माझ्याकडे बघून काम करायचाच नाही. तो मला ऐकून काम करायचा. साखळी बोथट झाली, तेल संपत आलं, लाकडात कुठे जुना खिळा आहे, हे सगळं त्याला माझ्या सुरातल्या फरकावरून कळायचं. वखारीतले लोक म्हणायचे, "याला हात दोन आणि कान चार आहेत."

कानांवर लावायच्या जाड टोप्या वखारवाल्यानं सगळ्यांना दिल्या होत्या. धनी त्या सकाळी फांदीला टांगायचा आणि संध्याकाळी काढून घरी न्यायचा. कुणी टोकलं तर म्हणायचा, "कान झाकले तर मशीन काय म्हणतंय ते मला कळणार कसं?" हे ऐकून मी फुगायचे. त्याला माझं ऐकायचं असतं म्हणून मी आणखी जोरात ओरडायचे. मूर्ख होते मी. पण तेव्हा ते मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी माझ्याच आवाजात मला ऐकू आलं नसतं.

आधी त्याला चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या. मग दाराची घंटी. मग पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज. त्यानंतर धनीणबाई, म्हणजे त्याची बायको. बायकांचा आवाज बारीक, तो पुरुषांच्या आवाजाआधी जातो म्हणे. त्या एका खोलीतून "अहो, ऐकलं का?" म्हणायच्या आणि हा दुसऱ्या खोलीत ढिम्म. काही वर्षं त्यांना वाटलं, माणूस मुद्दाम ऐकत नाही. त्यावरून भांडणं झाली, अबोला झाला. डॉक्टरनं कान तपासले तोवर उशीर झाला होता. कानात घालायचं यंत्र आणलं, ते वर्षभर चाललं, मग त्याचाही उपयोग होईना. ते आता सुया-दोऱ्यांच्या डब्यात पडून आहे. धनी ओठांकडे बघून बोलणं ओळखतो. समोर माणूस नसला की त्याच्यासाठी घर रिकामं असतं.

तो वखारीतून निवृत्त झाला तेव्हा नव्या हलक्या करवती आल्या होत्या. वखारवाल्यानं विचारलं, "आठवण म्हणून काय देऊ?" त्यानं मला मागितलं. धनीणबाईंनी मला दारात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "करवत कसली, सवत आहे ही माझी! तिकडे नवऱ्याचे कान खाल्लेन, आता इकडे राहायला आली." त्यांनी मला गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं. अकरा वर्षं मी तिथे होते. पेट्रोलची नळी सुकून तडकली, पोटात जुन्या पेट्रोलची राळ साचली, पट्टीवर गंज चढला. मला कुणाचाच राग आला नाही. माझ्यासारखीला तीच जागा बरी होती.

गेल्या हिवाळ्यात धनी शिडी लावून माळ्यावर चढला. "काय शोधताय?" बाईंनी खालून हातवारे करत विचारलं.

"काही नाही गं. वेळ जात नाही. म्हटलं, गंमत म्हणून हिला उघडून बघावं."

मित्रांनो, ते दिवस माझ्या म्हातारपणातले सगळ्यात सुखाचे! त्यानं मागच्या खोलीतल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली, माझा एकेक स्क्रू काढून बरण्यांच्या झाकणांत वेगवेगळा ठेवला. दात घासायच्या जुन्या ब्रशनं पोटातली राळ खरवडली. माझ्या थरथरण्यानं त्याच्या बोटांच्या टोकांतला जीवही गेलेला आहे, थंडीत ती पांढरीफटक पडतात. बारीक स्क्रू निसटून जमिनीवर पडायचा आणि ते त्याला कळायचंसुद्धा नाही. मग बाई कुरकुरत यायच्या, लोहचुंबक फिरवून स्क्रू शोधायच्या आणि गुपचूप झाकणात टाकून जायच्या. काम करताना धनी शीळ घालायचा. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ती भयंकर बेसूर असायची. पण बाई भाजीची सुरी हातात धरून दाराशी उभ्या राहायच्या आणि ती ऐकायच्या. किती वर्षांनी त्यानं शीळ घातली होती!

एक दिवस पिस्टन पुसता पुसता तो त्यांना म्हणाला, "तुला म्हणून सांगतो. ही चालू झाली ना, की हिचा आवाज मला येणार. बाकी कशाचा न येवो. अगं, भोंगा आहे नुसता! एवढा मोठा आवाज माणसाला येत नाही असं होईल का?"

बाई पुन्हा भाजी चिरायला वळल्या. मला मात्र धडकी भरली. तो गंमत म्हणून माझी दुरुस्ती करत नव्हता, मित्रांनो. त्याला स्वतःचे कान एकदा शेवटचे तपासून बघायचे होते.

नवी नळी बसली, नवा प्लग बसला, कार्बोरेटरमधला नवा पडदा बसला. साखळी आणि पट्टी बाजूला ठेवून त्यानं मला अंगणात नेलं, चोक, म्हणजे हवा अडवायची खिट्टी, बाहेर ओढला आणि दोरीला झटका दिला. आता इथे एक बारकी गोष्ट समजून घ्या. थंड इंजिन चोक ओढून सुरू करताना आधी एकदाच 'फट्' असा आवाज येतो आणि इंजिन बंद पडतं. तो आवाज आला की चोक आत ढकलायचा आणि पुन्हा दोरी ओढायची, की आम्ही सुरू. न ढकलता ओढत राहिलं, तर पोटात पेट्रोल तुंबतं आणि मग काही केल्या सुरू होत नाही. जुन्या दिवसांत माझं 'फट्' तिसऱ्या झटक्याला यायचं. पण धन्यानं मला इतकं छान दुरुस्त केलं होतं की आता ते पहिल्याच झटक्याला आलं. त्याला ते ऐकू आलं नाही, बधिर हाताला जाणवलंही नाही. त्यानं सवयीनं आणखी दोन झटके दिले आणि मग चोक ढकलला. मी तुंबले.

त्यानं प्लग काढून बघितला. "ओला! म्हणजे कार्बोरेटर गळतोय." आणि बिचाऱ्यानं धडधाकट कार्बोरेटर पुन्हा उघडला. असं एकदा नाही, अकरा वेळा झालं. रोज मी पहिल्या झटक्याला जीव तोडून सांगायचे, "फट्! अरे, झालं, ढकल आत!" आणि रोज तो तीन मोजायचा.

मग बाईंना आणखी एक नवा पडदा आणायला सुट्या भागांच्या दुकानात पाठवलं. त्या परत आल्या तेव्हा धनी आंघोळीला गेला होता. त्या माझ्यासमोर बसल्या आणि मला म्हणाल्या, "दुकानातला मिस्त्री विचारत होता, फट् आवाज येतो का? मी म्हटलं, रोज येतो, पहिल्याच झटक्याला. तर हसला मेला. म्हणाला, बाई, मग मशीन ठणठणीत आहे, आवाज आला की तुम्ही नुसता हात वर करा." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "कसा करू गं हात वर? तू बंद आहेस तोवर त्यांना वाटतंय, दोष तुझा आहे. तू सुरू झालीस आणि तरी ऐकू नाही आलं, म्हणजे मग काय राहिलं?"

पहिल्यांदाच बाई माझ्याशी सवतीसारख्या बोलल्या नाहीत. त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून ते गुपित सांभाळलं. मी 'फट्' म्हणायचे, त्या स्वयंपाकघरात दचकायच्या आणि कणीक तिंबत राहायच्या.

पण महिनाभरानं धन्याची शीळ थांबली. एका सकाळी त्यानं स्क्रूंची झाकणं एकात एक ओतली. "भंगारात दे हिला," तो बाईंना म्हणाला. "हिचा दोष नाही. सत्तावीस वर्षं मी डोळे मिटून हिला खोलायचो. कान गेले ते गेले, आता हातही गेले माझे." आणि तो आपल्या पांढऱ्या बोटांकडे बघत बसला. असं हताश मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आपण खरंच भंगारात गेलेलं बरं.

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी ते सगळे स्क्रू पुन्हा वेगवेगळे केले, एकेक. मग त्याच्यासमोर येऊन ओठ नीट हलवत म्हणाल्या, "अहो, एकदा शेवटचं ओढून बघा. माझ्याकडे बघत ओढा. मी हात वर केला की चोक आत ढकला."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मिस्त्रीला कळतं ना! ओढा म्हणते तर ओढा."

त्यानं मला जोडलं, अंगणात नेलं, पायानं दाबून धरलं. झटका दिला. 'फट्!' बाईंचा हात उठला. अर्ध्यावर थांबला. मग पूर्ण वर गेला. धन्यानं चोक आत ढकलला आणि दोरी ओढली, आणि मित्रांनो, मी सुरू झाले! अकरा वर्षांचं सगळं साठलेलं मी बाहेर काढलं. खिडकीच्या काचा थरारल्या, शेजारचं कुत्रं शेपूट घालून पळालं, छपरावरची कबुतरं एकदम उडाली. बाईंनी दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले.

धनी माझा धूर बघून हसला, माझी थरथरणारी मूठ बघून हसला. मग त्यानं मान कलती केली. थांबला. त्यानं मुठीतला खटका दाबून मला आणखी वेग दिला. मी छाती फुटेस्तोवर ओरडले. त्याचं हसू हळूहळू मावळलं आणि त्यानं बाईंकडे वळून बघितलं.

तो वळायच्या आधी बाईंनी कानांवरचे हात खाली घेतले होते. एवढ्या आवाजात त्या हात सोडून सरळ उभ्या राहिल्या, डोळ्यांची पापणीही हलू न देता. ओठ हलवून म्हणाल्या, "आवाज फारच बारीक आहे हो हिचा."

धन्यानं वर बघितलं. कबुतरं अजून घिरट्या घालत होती, छपरावर उतरायला तयार नव्हती. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं बटण दाबून मला बंद केलं आणि म्हणाला, "म्हातारी झाली बिचारी. आवाज बसलाय तिचा."

"हो ना," बाई म्हणाल्या.

"पण हात चालतात अजून माझे. काय?"

"चालतात की! न चालायला काय झालं?"

त्यानं मला पुसलं, पट्टी आणि धार केलेली साखळी चढवली, तेल लावलं आणि खुंटीवर टांगलं. बाजूच्या खिळ्याला त्याच्या त्या कान झाकायच्या टोप्या आहेत, नव्याकोऱ्या. कोणी पाहुणा मला बघून विचारतो, "ही चालते का?" तेव्हा धनी म्हणतो, "चालते, पण आवाज बसलाय." बाई मान डोलावतात. त्या दोघांपैकी कोण कुणासाठी खोटं बोलतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांशी काम कराल तेव्हा कानांवर टोप्या चढवा. आम्ही फुशारकीनं ओरडतो, आम्हाला थांबायचं कळत नाही. आणि घरातून कुणी हाक मारली तर हातातलं काम टाकून आधी ओ द्या. तो आवाज सगळ्यांत बारीक असतो, म्हणून आधी तोच जातो. माझं काय, मी म्हातारी. माझा आवाज बसलाय.