बत्तीस बिघाडांची गाडी

माझ्या मोबाईलमध्ये एक यादी आहे. तिला मी नुसतं ‘गाडी’ असं नाव दिलंय. तिच्यात बत्तीस ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळ म्हणजे आमच्या घरच्या गाडीचा एकेक बिघाड. पहिली ओळ अशी: मागच्या सीटचे पट्टे चालत नाहीत. डावा ओढला की वीतभर येऊन थांबतो, उजवा येतच नाही. खरं सांगायचं तर बाकीच्या एकतीस ओळी या पहिलीला सोबत म्हणूनच वाढवल्या होत्या. एकट्या पट्ट्याचं घरात कुणी ऐकत नव्हतं.

समिधा, माझी मुलगी, चार वर्षांची आहे. तिच्यासाठी मी डोंबिवलीहून, माहेराहून, लहान मुलांची गाडीतली सीट आणली होती. ती बसवायला पट्टा लागतो. पट्टा नाही, म्हणून ती सीट ओटीवर पडून राहिली. सासूबाईंनी दोन महिने वाट बघितली आणि मग तिच्यात नारळ ठेवायला सुरुवात केली.

“बघ गं हर्षला, कसे मजेत बसलेत,” त्या म्हणायच्या. “एक पन हलत नाय.”

गाडी माझ्या सासऱ्यांची. त्यांचं नाव चांगो, आम्ही बाबा म्हणतो. गाडी पुढून बघितली तर साधी मोटार, मागे मात्र लांबच लांब ताणलेली, जणू मोटार बनवता बनवता कुणाला टेंपोची आठवण झाली. कंपनीनं ही जात कधीच बंद केली. बंद करायच्या आदल्या वर्षी बाबा, कशेळ्याचे पदूकाका आणि साजगावचे गजाकाका अशा तिघा दोस्तांनी पनवेलला जाऊन एकाच दिवशी तीन गाड्या आणल्या. शिल्लक होत्या त्या तिन्ही चंदेरी. कर्जत आणि खालापूर धरून आता तेवढ्याच उरल्यात. रस्त्यात दोन समोरासमोर आल्या की काचेला काच लावून उभ्या राहतात. मागे वाहनं बोंबलत असतात आणि हे एकमेकांना विचारत असतात, “कशी हाय?”

“बरी हाय. पावसात जरा घसा बसला व्हता.”

“काढा दे. नवं ऑईल दे.”

सासूबाई म्हणतात, “मला न्युमोनिया झाला तेवा ह्या गजानं एकदा तरी इचारलं का, वैनी कशी हाय म्हणून?”

माझ्या नवऱ्यानं, कमलेशनं, दिवाळीनंतर शेवटी हिंमत केली. कर्जतच्या शोरूमवाल्याशी तो बोलून आला. ही द्यायची आणि बदल्यात नवी, छोटी, सगळे पट्टे असलेली घ्यायची. रात्री जेवताना हा विषय निघाला आणि बाबांनी भाताचा घास ताटात ठेवला.

“तुमाला काय ठाव,” ते माझ्याकडे बघून म्हणाले. कमलेशकडे नाही. यादी कुणाची आहे हे त्यांना बरोबर माहीत होतं. “पट्टे-बिट्टे ज्याला गाडीचा भरवसा नाय त्याला लागतात. मला हिचा श्वास कळतो. डोळे बांध माझे, धा गाड्यांत उबी कर, नुसत्या दाराच्या आवाजावरनं सांगीन. ज्या दिवशी मला माझी गाडी वळखता येनार नाय ना सूनबाई, त्या दिवशी चावी तुझ्या हातात देईन. मग वीक, नायतर भंगारात घाल.”

मी ते वाक्य यादीच्या खाली तारखेसकट लिहून ठेवलं.

पुढच्या रविवारी पदूकाकांच्या मुलीचा, रूपालीचा, साखरपुडा होता, कशेळ्याला. कमलेशला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही चौघंच गेलो. मंडपामागच्या मोकळ्या शेतात आंब्याखाली तिन्ही गाड्या ओळीनं लावल्या होत्या. तिघांनी आधी त्यांचे फोटो काढले, मग रूपालीचे. सासूबाई म्हणाल्या, “नवरा मुलगा कोन्ता ते अजून कुनी बघितला नाय, पन गाड्यांना कुंकू लागलं.”

जेवणं झाली. समिधा श्रीखंड खाऊन पेंगायला लागली. बाबांनी तिला उचललं, गाडीत मागच्या सीटवर नेऊन ठेवलं, आणि सासूबाईही जोडीला जाऊन बसल्या. मी दोनदा जाऊन बघून आले. दोघी झोपल्या होत्या. समिधा आजीच्या मांडीत, आणि ऊन लागू नये म्हणून सासूबाईंचा पदर त्यांच्या स्वतःच्या तोंडावर आणि समिधावरही. मागची डावी काच अर्धी उघडी होती. ती कायम अर्धीच असते. यादीत चौथा नंबर. वर जात नाही, खाली येत नाही. वारा येतोय म्हणून मी निर्धास्त झाले. निर्धास्त हा शब्द मी माझ्याबद्दल क्वचितच वापरते.

तिसऱ्यांदा जायला दहा मिनिटं उशीर झाला. रूपाली साडीची पिन लावायला बोलवत होती. मी शेतात पोचले तर बाबा गाडी चालू करून बसलेले.

“बस लवकर. दोगी झोपल्यात मागं.”

मी मागचं दार उघडलं. सीट रिकामी होती.

“बाबा, कुठे आहेत?”

“मागं.”

“मागे कुणी नाही.”

“आगं लवंडल्या असतील डिकीत.”

डिकीत स्टीलचे दोन टोप आणि एक घडी घातलेली सतरंजी होती. मी सतरंजी उचलून तिच्याखालीही बघितलं. बाबा शांतपणे म्हणाले, “पान्याला उतरल्या असतील. तू बस तर.”

मी बसले, म्हणजे मंडपाकडे लवकर पोचता येईल. आणि सवयीनं माझा हात डाव्या काचेकडे गेला. हॅंडल फिरवलं. काच सरसर खाली गेली. पूर्ण. मी वर केली, तर पूर्ण वर. मग पट्टा ओढला. तो आला, लांबच लांब आला आणि खालच्या खाचेत टक् करून बसला.

“बाबा, ही आपली गाडी नाही.”

“येडी का काय!” ते हसले. “आवाज ऐक.” आणि त्यांनी गाडीला रेस दिली. “ऐकलास? असा आवाज महाराष्ट्रात दुसऱ्या कोनत्या गाडीला हाय? मीच हिला—”

“ओ चांगोभावजी!” मंडपाकडून गजाकाकांची बायको, जयाकाकू, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पळत येत होत्या. “आमची गाडी कुटं घेऊन चाललाव?”

बाबा खाली उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली. नंबराची पाटी बघायला वाकले. इतक्या वर्षांत त्यांनी ती पहिल्यांदाच वाचली असावी. आम्ही कधी म्हणालो की नंबर बघत जा, तर म्हणायचे, नंबर बघून वळखायला ती काय परक्याची गाडी हाय?

गजाकाका आमची गाडी घेऊन गेले होते. साजगावला त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते, म्हणून ते आधीच निघाले. चाव्या तिघांच्याही झिजून गोळीसारख्या गुळगुळीत झाल्यात, कुठलीही चावी तिन्ही गाड्यांना लागते. आमची गाडी तर कपाटाच्या चावीनंही उघडते. यादीत बारावा नंबर.

“पण त्यांना कळलं कसं नाही,” मी ओरडलेच, “मागे दुसरी बाई बसलीय ते?”

“सकाळपासनं भांडलोय आमी,” जयाकाकू म्हणाल्या. “भांडन झालं की मी मागं बसून तोंडावर पदर घेते. तो मागं वळून बगनार नाय आणि मी बोलनार नाय, हे ठरलेलं हाय. मंग कसं कळनार?”

“फोन लावा त्यांना!”

काकूंनी पिशवीतून फोन काढून दाखवला. “ह्यो बग त्याचा फोन. नव्या झब्ब्याला खिसा नाय.” सासूबाईंचा फोन माझ्या पर्समध्ये होता.

आम्ही गजाकाकांच्याच गाडीतून निघालो. बाबा पुढे एकटे, आम्ही दोघी मागे. कशेळ्यापासून कर्जतच्या चारफाट्यापर्यंत बाबा समोरच्या प्रत्येक गाडीची पाटी वाचत होते. मी प्रत्येक वळणावर खाली दरीत, नाल्यात, झाडाच्या बुंध्याशी चंदेरी काही दिसतंय का ते बघत होते. समिधा बिनपट्ट्याची होती. गजाकाकांनी जोरात ब्रेक मारला तर ती आजीच्या मांडीतून घसरणार, पुढच्या सीटवर आपटणार. हे मी हजारदा मनात पाहिलेलं चित्र होतं, फक्त त्यात चालवणारे बाबा असायचे. हातात पट्टा होता. तो मी ओढत होते आणि सोडत होते.

“नको गं एवढा जीव जाळू,” जयाकाकू म्हणाल्या. “माझा मानूस चाळीसच्या वर जात नाय. गाडी थकते म्हनतो.”

चारफाट्याला गर्दी दिसली. गर्दीच्या मधे आमची गाडी. तिच्या टपावर पाय लोंबकळवत समिधा बसली होती, हातात वडा. एका पोलिसानं तिला पाठीमागून धरून ठेवलं होतं. खाली सासूबाई गजाकाकांना बोलत होत्या आणि गजाकाका दोन्ही कान धरून उभे होते.

मी समिधाला खाली घेतलं. डोकं, कोपर, गुडघे सगळं तपासलं. श्रीखंडाशिवाय कुठेही काही लागलेलं नव्हतं.

“आई,” ती म्हणाली, “आपल्या गाडीनं गजाआजोबांना पकडलं.”

झालं होतं असं. आमची गाडी डावीकडे काटकोनात वळवली की हॉर्न आपोआप वाजतो आणि स्टिअरिंग सरळ होईपर्यंत थांबत नाही. यादीत सातवा नंबर. या सातव्या नंबरावरून मी वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं. बाबांचं म्हणणं, वळताना हॉर्न द्यायचाच असतो, ही न सांगता देते. गजाकाका खोपोलीकडे डावीकडे वळले आणि गाडी बोंबलायला लागली.

“मला वाटलं माझ्या गाडीला काय झालं,” गजाकाका सांगत होते. “घाबरून मधीच थांबलो, तर मागनं ह्या वैनी बोंबलायला लागल्या!”

“मंग काय करू?” सासूबाई म्हणाल्या. “डोळे उघडले तर म्होरं टक्कल! मला वाटलं ह्यांचे एका झोपेत सगळे केस गेले.”

गर्दी हसली, पोलीस हसला, जयाकाकू तर रस्त्यावर खालीच बसल्या. भांडण विसरून त्या नवऱ्याशी बोलल्यासुद्धा, “बायको बदलली तरी कळलं नाय रं तुला!” एकटे बाबा हसत नव्हते. ते आमच्या गाडीजवळ उभे होते. दाराला हात लावायलाही ते कचरत होते. मग त्यांनी खिशातून चावी काढली आणि माझ्यासमोर धरली.

“धर.”

“काय, बाबा?”

“मी बोललो व्हतो. तू लिवून पन ठेवलंस.” हे त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. “माझ्या नातीला दुसरा घेऊन गेला आणि मी दुसऱ्याच्या गाडीला रेस देत बसलो. मला नाय वळखता आली. तुला आली.”

“हिला येनारच,” सासूबाई म्हणाल्या. “तुमी निस्ते गुन गाता. गाडीचे दोष पाठ हायत ते हिला. संसार कोन करतंय मंग, सांगा!”

मी चावी घेतली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, गजाकाकासुद्धा, जणू मी तिथल्या तिथे गाडी भंगारात देणार होते. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती. सातवा नंबर मी म्हणाले तसा वेळेवर दुरुस्त झाला असता, तर माझी मुलगी साजगावपर्यंत झोपेत गेली असती आणि मी दरीत बघत बसले असते.

“आज तुम्हीच चालवा,” मी बाबांना म्हणाले. “उद्यापासून चावी माझ्याकडे. पट्टा नाही तोवर समिधा हिच्यात बसणार नाही. एक दिवससुद्धा नाही.”

“आणि पट्टा झाला तर?” बाबांनी विचारलं. इतक्या हळू त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

“मग बघू.”

बुधवारी गजाकाका आले. जयाकाकूंनी पाठवलं होतं. आपल्या गाडीतले मागचे दोन्ही पट्टे, त्यांच्या गुंडाळ्या, नट-बोल्ट, सगळं उतरवून एका गोणीत घालून आणलं होतं. “आमची पोरं पुन्याला. मागं आता ही बसते,” ते म्हणाले, “आणि हिला आजपासनं म्होरं बसवनार हाय. तोंड दिसलेलं बरं.”

कर्जतच्या मेस्त्रीनं दिवसभर खपून ते बसवले. मी दोन्ही पट्टे चाळीस-चाळीस वेळा ओढून बघितले, झटके मारून बघितले. मग बाबांना बसवून त्यांनाही झटके मारायला लावले. संध्याकाळी ओटीवरच्या सीटमधून नारळ उतरले. सासूबाई अजून विचारतात, “आता ते बिचारे कुटं बसनार?”

नवी गाडी माझ्या डोक्यातून गेलेली नाही. पण बदल्यात ही द्यायची नाही, असं मी कमलेशला सांगितलंय. नवी उशिरा आली तरी चालेल. यादीतून पहिली ओळ गेली. सातवीही मी काढली. तो हॉर्न आता बिघाडात मोजत नाही.

बाबांनी ओळख पटावी म्हणून आरशाला लाल रिबीन बांधलीय. कर्जतच्या बाजारातून आणली. त्याच दुकानातून तीच रिबीन गजाकाकांनी नेली आणि पदूकाकांनीही. तिघांनी एकमेकांना न विचारता.

म्हणून आता कुठे लग्नाकार्याला गेलो की परत निघताना बाबा चावी मागतात, दार उघडतात आणि बसायच्या आधी मला हाक मारतात.

“सूनबाई, बग गं. हीच ना?”

मी मागे समिधाचा पट्टा लावते, टक् ऐकते, आणि डाव्या काचेचं हॅंडल फिरवते. काच अर्ध्यावरून हलत नाही.

“हीच,” मी म्हणते.