तिसऱ्या पेल्यातली लवंग

"ह्यो घ्या तिसरा," म्हणत कृष्णातनं पेला पुढं केला. नानासोंनी तो खिडकीतल्या उन्हात धरून हलवला. रंग गडद, पिकल्या जांभळाच्या रसासारखा.

नानासो माने पलटणीच्या मेसमध्ये हवालदार होते. साहेबांच्या टेबलावर वाढता वाढता वाइनची चव त्यांच्या जिभेवर बसली, ती कायमची. पेन्शनीत निघाल्यावर पलूसजवळच्या या लहानशा वाइन कारखान्यात त्यांना चव पाहायचं काम मिळालं. मिश्रण कृष्णातनं करायचं, पास-नापास दोघांनी मिळून ठरवायचं. उद्या मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलचा माणूस येणार होता. त्याला भारीतली लाल वाइन हवी होती. ती पसंत पडली नाही तर मालक कारखान्याला कुलूप लावणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिली आंबट निघाली. दुसरी कच्च्या सुपारीसारखी तुरट. नानासोंनी तिसरीचा घोट घेऊन तोंडात घोळवला. आधी जांभूळ, मग गुऱ्हाळाचा धूर, मग घशाखाली उतरणारी ऊब. त्यांनी खूश होऊन मान डोलावली, आणि अगदी शेवटी जिभेच्या टोकाशी लवंग आली.

त्यांच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला.

पिंपांची देखभाल करणारा दादासो दाढदुखीमुळं सदा गालात लवंग धरून असायचा. गेल्या दिवाळीत पिंपांच्या खोलीतच छातीत कळ येऊन तो गेला. ही वाइन त्याच्या माघारी भरलेली.

"लवंग घातलीस का रं ह्यात?"

"लवंग कशाला घालीन?" कृष्णातनं स्वतः घोट घेतला. त्याचाही चेहरा उतरला. "लाकडाची येती कवा कवा अशी चव. पर ती नव्या लाकडाची. आपली पिंपं लय जुनी हायती."

तेवढ्यात आक्काताई पेले न्यायला आली. दादासोची बायको, तो गेल्यापासून इथं बाटल्या धुवायला लागली होती. पेले उचलता उचलता ती थबकली. तिसरा पेला तिनं नाकाशी नेला, डोईवरचा पदर पुढं ओढला आणि पिंपांच्या खोलीकडं बघत हळूच विचारलं, "भावजी, हे कवा आलं?"

नानासो वाटेतून बाजूला झाले.

ती एकटीच त्या खोलीत गेली. आतून तिचं दबक्या आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं. थोरलीला स्थळ आलंय, म्हस व्यालीय. मधेच ती थांबायची, ऐकून घेतल्यासारखी, आणि "व्हय, व्हय" म्हणायची.

"पास करायची का?" कृष्णातनं विचारलं.

"मला इचारू नगंस. तिला इचार."

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. "जाऊ द्या," ती म्हणाली. "हितं अंधारात बसून काय करत्याल?"

मुंबईच्या माणसानं दुसऱ्या दिवशी एकाच घोटात सगळी वाइन पसंत केली. "शेवटी हा मसाल्याचा वास कसला येतो?" त्यानं विचारलं.

"लाकडाचा," नानासो म्हणाले. कृष्णात खाली बघत राहिला.

बाटल्या भरून खोकी ट्रकमध्ये चढली. इंजिन सुरू झालं तशी आक्काताई ओल्या हातानं धावत ड्रायव्हरच्या खिडकीशी आली.

"घाटात जरा हळू हाका, दादा. त्यास्नी गाडी लागती."

ड्रायव्हरनं कोण बसलंय म्हणून मागं वळून पाहिलं.