अंधारातला मच्छिंद्र

सलमा चुलत्याच्या फोटो स्टुडिओत लग्नाचे फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करायची. नवरीचा शालू जांभळा उमटला की लोक अल्बम परत आणून आपटत, म्हणून कॉम्प्युटरच्या पडद्याचा उजेड आणि रंग आधी नीट जुळवायचे हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. दर रविवारी ती जुन्या जालन्यातल्या भुजंगच्या गेम पार्लरमध्ये जाई. तिथं खेळणारी मुलगी ती एकटीच. भुजंग तिला नेहमी कोपऱ्यातली मशीन द्यायचा. तिचा पडदा पिवळट आणि इतका काळपट, की गोळीबाराच्या गेममधल्या गोदामात शिरलं की नुसता काळोख. कोण कुठून मारतो, काही कळायचं नाही. हरली की पोरं म्हणत, बायांचं काम न्हाई हे.

एका रविवारी ती स्टुडिओतून सीडी घेऊन आली. तिच्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी चौकोनांची एक पट्टी होती. मॉनिटरची बटनं दाबत तिनं उजेड वाढवला, पिवळेपणा काढला. काळ्याजवळचे चौकोन वेगवेगळे दिसायला लागले तेव्हा कुठं तिनं गेम लावला. त्या दिवशी दुसऱ्या मशीनवरून तिच्याविरुद्ध खेळणारा मच्छिंद्र गोदामातल्या पोत्यांआड दडलेला तिला स्वच्छ दिसला. तिनं त्याला दोनदा लोळवलं.

मच्छिंद्र तिच्याच कॉलेजातला, पार्लरमधला सगळ्यात तरबेज गडी. तो उठून आला, तिच्या पडद्याकडं पाहिलं आणि ही चीटिंग आहे म्हणाला. भुजंगनंही त्याचीच री ओढली. सेटिंग होतं तसं कर, नाहीतर पुन्हा येऊ नको, असं त्यानं सगळ्यांसमोर बजावलं.

सलमाची कानशिलं तापली. पण ती खुर्चीवरून हलली नाही.

"मी गेमला हात लावला न्हाई, भुजंगभाऊ. पडदा बराबर केला. इतके दिवस मी आंधळ्यावानी खेळून राह्यले, तवा कुणी चीटिंग म्हणलं न्हाई."

"रंगानं कुठं गेम जिंकता येतो का?" मच्छिंद्र म्हणाला.

"मंग भेतो कशाला? तुझाबी लावून देते. पुन्हा खेळू."

आता मागं हटणं मच्छिंद्रला जड गेलं. सलमानं त्याच्या मशीनवरही ती पट्टी लावली आणि तितक्याच मन लावून पडदा जुळवून दिला. मग दोघं खेळले. अंधारात दोघांनाही सारखंच दिसत होतं, आणि मच्छिंद्रचा हात तिच्यापेक्षा चपळ होता. सलमा हरली, अगदी थोडक्यात.

पोरं खिदळली. भुजंग म्हणाला, झालं समाधान? रंगाचा काही संबंध न्हाई, कळलं ना?

"रंगाचा नसंल," सलमा म्हणाली. "पण अंधाराचा हाये. आज मी दिसणाऱ्या माणसाकडून हरले. हे हरणं मला कबूल हाये."

मच्छिंद्र हसला नाही. आपला पडदा आहे तसाच राहू दे, असं त्यानं भुजंगला सांगितलं.

पुढच्या रविवारी भुजंगनं भिंतीवर पाटी लावली होती: मॉनिटरच्या बटनांना हात लावू नये. कोपऱ्यातला पडदा पुन्हा काळाठिक्कर. सलमा बसली आणि तिनं बटन दाबलं.

"पाटी दिसत न्हाई का?" भुजंगनं विचारलं.

"पाटी दिसते, भाऊ," ती मान न वळवता म्हणाली. "गोदाम दिसत न्हाई."

आणि तिनं उजेड आणखी एक घर वाढवला.