तांबट आणि विठा

शिवमंदिराकडे जाणाऱ्या पुलावरच हरिचंद्रने कानातलं मशीन काढून शर्टाच्या खिशात टाकलं. मागच्या रिक्षावाल्याने दिलेला हॉर्न थेट डोक्यात घुसला होता. पुढे चालणाऱ्या शलाकाने वळून पाहिलं. लेकीचा चेहरा उतरलेला त्याला दिसला.

मशीन तिनेच आणलं होतं. उल्हासनगरच्या दुकानदाराने ते वापरून बघायला दिलं होतं, नको असेल तर सोमवारी परत करायचं. हरिचंद्रने ते घरी लावून पाहिलं, तर कुकरची शिट्टी, शेजारचं ड्रिल, मोरीत पडलेली बादली, सगळं एकदम अंगावर आलं. आनंदनगरच्या कारखान्यात त्याची उभी हयात प्रेसवर गेली होती. पत्र्यावर पडणाऱ्या ठोक्यांनी त्याचे कान हळूहळू नेले. रिटायर झाला तेव्हा समोरचा ओरडून बोलला तरच त्याला कळायचं. त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नव्हतं. शांततेची सवय झाली होती.

विठाला मात्र ती झाली नव्हती. नवऱ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, त्यामुळे त्यांच्याकडे आज काय शिजलंय ते अख्ख्या चाळीला ठाऊक असायचं. जेवायला या, गॅस आणा, पोरीचा फोन आलाय, एवढं ती ओरडून सांगायची. ज्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत त्या तिने सांगणंच सोडून दिलं होतं.

शलाका शाळेत शिकवायची आणि सुट्टीला दुर्बीण गळ्यात अडकवून पक्षी बघत फिरायची. हा नाद तिला बापाकडूनच लागला होता. लहानपणी तो तिला सायकलच्या दांडीवर बसवून टेकडीकडे न्यायचा. आज तिने दोघांनाही बाहेर काढलं होतं. आधी अंबरनाथचं देऊळ, मग बदलापूर गावापलीकडे विठाच्या माहेरची जुनी पायऱ्यांची विहीर.

देवळात गर्दी नव्हती. हरिचंद्र इथे शेकडो वेळा आला असेल, पण दरवेळी रांगेतून. आज तो काळ्या दगडाच्या भिंतीला वळसा घालत निवांत फिरला. एका नर्तकीच्या मोडक्या हातावर पोपट बसला होता. दुसरा दगडांच्या फटीतून डोकं बाहेर काढून बघत होता, भाडेकरू खिडकीतून बघतो तसा. हरिचंद्र एकटाच हसला. विठा गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरून दर्शन घेऊन आली आणि ओट्यावर टेकली.

तेवढ्यात शलाकाने त्याचा दंड धरून पिंपळाकडे बोट दाखवलं. उंच वाळक्या फांदीच्या टोकाला तांबट बसला होता, हिरवा, कपाळावर कुंकू लावल्यासारखा लाल ठिपका. हरिचंद्र त्याला पोरवयापासून ओळखत होता. पण आज दुर्बिणीतून त्याला त्याचा गळा दिसला. तो फुगत होता आणि बसत होता, पुन्हा फुगत होता. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. एवढा मन लावून हा काय बोलतोय ते मात्र त्याला कळेना.

थोडा वेळ तो तसाच बघत राहिला. मग त्याने खिशातून मशीन काढलं आणि आपणहून कानात घातलं.

टुक, टुक, टुक, टुक. हरिचंद्रने आजूबाजूला पाहिलं. जवळपास कोणीतरी पत्रा ठोकतंय असं त्याला वाटलं. मग पुन्हा वर बघितलं, तर ठोके आणि गळा एकाच तालात.

"हा तर आमच्याच खात्यातला निघाला," तो म्हणाला, आणि इतका मोठ्याने हसला की तांबट उडून गेला.

बदलापूरला जाताना रिक्षात फार आवाज होता. हरिचंद्रने कानावर हात धरला, पण मशीन काढलं नाही. शलाकाने ते बघितलं आणि तोंड फिरवून बाहेर बघत बसली.

गावात त्या विहिरीला नुसती बाव म्हणतात. शेताच्या बांधावरून दिसत नाही, अगदी कडेला गेल्यावर दगडी कमान आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्या उघडतात. कोनाड्यात शेंदूर लावलेला गणपती, खाली हिरवट पाणी, आणि पाण्यावरून सरसर फिरणाऱ्या पाकोळ्या. उतरता उतरता वरचं ऊन आणि रस्ता दोन्ही मागे राहिले. इथे कानाला टोचणारं काहीच नव्हतं. चप्पल दगडावर घासली ते ऐकू आलं. पाण्यात काहीतरी डुबुक वाजलं, तेही. एक खंड्या निळी रेघ ओढावी तसा समोरून गेला आणि त्याच्या मागे शलाका वर शेतात पळाली.

विठा पाण्याजवळच्या पायरीवर बसली. लग्नाआधी ती इथे पाणी भरायची. पाण्याकडे बघत ती स्वतःशीच पुटपुटली, "पानी अजून तसाच हाय गो माय."

"तसंच म्हणजे कसं?" हरिचंद्रने वरच्या पायरीवरून विचारलं.

विठा दचकली. ती त्याच्याशी बोललीच नव्हती. तिने मागे वळून त्याच्याकडे, मग त्याच्या कानाकडे पाहिलं. इतकी वर्षं स्वयंपाकघरात त्याच्या पाठीमागे ती काय काय पुटपुटत आली होती, ते सगळं तिला एकदम आठवलं असावं.

"मंग आता मना तोंड सांभालाचा लागल," ती हळूच म्हणाली.

तेही त्याला ऐकू गेलं. दोघंही हसायला लागली. हसू कमानीला आपटून परत आलं, तशी दोघं आणखीच हसली. मशीनचा सेल किती दिवस चालतो, असं त्याने विचारलं. ते पोरीला विचारा, विठा म्हणाली.

मग त्याने विचारलं, तू अजून धवले म्हणतेस का. विठाच्या आईला लग्नांत धवले गायला बोलवायचे आणि विठाही तिच्या मागे बसून म्हणायची. तिचा आवाज हरिचंद्रने पहिल्यांदा असाच एका मांडवात ऐकला होता, खणखणीत, सगळ्या बायकांच्या वर जाणारा. पुढे ती लग्नांना जायची तेव्हा तिचे हलणारे ओठ त्याला दिसायचे, बस तेवढंच.

म्हणते की, ती म्हणाली. बोलावतात अजून.

"मग म्हण."

विठाने वर बघितलं. कोणी नव्हतं. तिने पदर नीट केला आणि हळदीच्या वेळचा एक धवला धरला, अगदी हळू.

हरिचंद्र मान खाली घालून ऐकत राहिला. त्याच्या आठवणीतला आवाज हा नव्हता. हा जाड होता, मध्येच फाटत होता, उंच जागी चढताना थांबून श्वास घेत होता. आवाज म्हातारा झाला होता. तो कधी झाला, ते त्याला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या कडव्याला विठा थांबली. आता दम पुरत नाही, ती म्हणाली.

हरिचंद्र दोन पायऱ्या खाली उतरला आणि तिच्या शेजारी बसला, मशीनचा कान तिच्या बाजूला येईल असा.

"घाई नाही," तो म्हणाला. "पुढचं म्हण."