सतराव्या पेटीतली रेघ

“सतरा आणि अठरा, दोन्ही पेट्या काढा दादा,” मॅडम म्हणाल्या आणि पदरानं चष्मा पुसू लागल्या.

दादांचा हात किल्ल्यांच्या जुडग्यावरच थांबला. गोदामात चार हजार पेट्या होत्या. तेलासाठी विहीर खणली की तिच्या पोटातून मनगटाहून जाड असा दगडाचा दांडा काढतात. त्याला सगळे कोअर म्हणतात. त्याचे तुकडे खोलीच्या क्रमानं पेटीत मांडायचे, हे दादांचं तेवीस वर्षांचं काम. चार हजारांतल्या दोनच पेट्या कुणी मागू नयेत असं त्यांना वाटे. अकरा वर्षं कुणी मागितल्याही नव्हत्या.

“मागच्या रांगेत आहेत, मॅडम. धूळ फार.”

“धुळीचं काय सांगता? जन्म गेला आपला धुळीत. महिनाअखेर मी निवृत्त होणार. त्याआधी माझी चूक एकदा डोळ्यांनी बघते, म्हणजे घरी बसायला बरं.”

माझी चूक. दादा मान खाली घालून ढकलगाडी आणायला गेले.

गाडीचं डावं चाक अजून कुरकुरत होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याच चाकानं उंबऱ्याला ठेच खाल्ली होती. नियम लहानसा: आधी रेघ, मग उचल. विहिरीवरच प्रत्येक तुकड्यावर वरून खाली दोन रेघा ओढायच्या, एक तांबडी, एक काळी. तांबडी उजवीकडे आली की दगडाचं डोकं वर. मग तुकडे कितीही विखुरले तरी कोण कुणाच्या वर ते कळतं. त्या दिवशी मुलीला ताप होता, घरी जायची घाई होती. आत टेबलावर निवांत ओढू, असं म्हणत दादांनी बिनरेघेच्या पेट्या गाडीवर चढवल्या, आणि उंबऱ्यापाशी दोन्ही पालथ्या झाल्या.

गोळा केलं, जमेल तसं लावलं. मग फूटपट्टी धरून रेघा मारल्या. अगदी सरळ, वरपासून खालपर्यंत अखंड. इतक्या देखण्या, की दगडालाही खरं वाटावं.

दगड वाचून तेल कुठे ते सांगणं हे मॅडमचं काम. त्यांनी तेच वाचलं. वर भोकाभोकांचा, तेल मुरेल असा डोलोमाइट दगड, खाली घट्ट. विहिरीत सोडलेलं यंत्र उलटसुलट सांगत होतं, कारण आतल्या भिंती ढासळल्या होत्या. “यंत्र चुकेल, दगड चुकणार नाही,” असं भरल्या बैठकीत म्हणून त्यांनी वरचा थर उघडायला लावला. थेंब आला नाही. विहिरीच्या तोंडात सिमेंट ओतलं, आणि मॅडमची बदली फायलींच्या खोलीत झाली.

जाता जाता त्यांनी दादांना कायम करावं म्हणून पत्र लिहिलं होतं. ‘यांच्याइतकी सरळ रेघ कुणाचीच नाही.’ दादा कायम झाले. बायकोनं त्या पत्राची नक्कल कपाटात जपली. पाहुणे आले की म्हणायची, “अहो, ते पत्र दाखवा की.” आणि दादा नळ टपकतोय का बघायला मोरीत जायचे.

पेट्या टेबलावर आल्या. मॅडमनी भिंग काढलं, दगडावर आम्लाचा थेंब टाकला. काही झालं नाही. सुईनं खरवडून भुकटीवर पुन्हा टाकला, तेव्हा कुठे बारीक बुडबुडे आले.

“चुनखडी कशी, थेंब पडायचा अवकाश, फसफसते. हा डोलोमाइट तुमच्यासारखा, दादा. खरवडल्याशिवाय तोंड उघडायचा नाही.”

दादा हसले. हसू ओठांपर्यंतच आलं.

“मागच्या महिन्यात शेजारी नवी विहीर झाली,” मॅडम म्हणाल्या. “तेल लागलं. आपल्यापेक्षा पाच मीटर खाली, अशाच भोकांच्या दगडात. मग आपल्याकडेच तो वर कसा? मीच वाचायला चुकले बहुतेक. गुर्मी होती तेव्हा अंगात. कुठे चुकले, अकरा वर्षं हाच हिशेब लागत नाही बघा.”

त्या एकेका तुकड्यावरून बोट फिरवत होत्या, झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावं तसं. दादांना ते बघवेना. त्यांनी सतराव्या पेटीच्या वरच्या ओळीतला तुकडा उचलला. मग अठराव्याच्या अगदी खालच्या ओळीतला. दोन्हींच्या टोकांना दाते होते; लाखो वर्षांच्या दाबानं दगडात अशा दातेरी शिवणी पडतात, आणि दगड मोडला तर तिथंच मोडतो. दादांनी न बघता दोन्ही टोकं एकमेकांना लावली, जरा वळवली. खट् झालं.

दगड जुळला आणि रेघ तुटली. वरची तांबडी खालच्या काळीसमोर येऊन थांबली.

मॅडमनी जुळलेले तुकडे हातात घेऊन फिरवून बघितले.

“म्हणजे हा भोकांचा दगड खालचाच. रेघा नंतर मारल्या.”

“हो. पेट्या पडल्या होत्या.”

“हे कधी कळलं?”

“पुढच्या वर्षी. झाडताना हातात आले. सहज लावून बघितले.”

“आणि परत ठेवले.”

“परत ठेवले. दर वर्षी लावून बघायचो, मॅडम. वाटायचं, या खेपेला नाही बसणार.”

मॅडमनी भिंग डबीत ठेवलं. डबीचं झाकण दोनदा निसटलं.

“लिहून द्याल?”

“आत्ता देतो.” त्यांनी तिथंच उभ्यानं लिहिलं, सही केली. मग कागद पुढे करत म्हणाले, “तुमचं ते पत्र घरी आहे. आणून देतो.”

“राहू दे. लिहिलं तेव्हा खरंच वाटलं होतं तसं.” कागदाची घडी करून त्यांनी पर्समध्ये घातली. “या जुन्या रेघा पुसून ठेवा. नव्या उद्या दुसरं कुणी मारेल.”

दारापाशी त्या थांबल्या. “येते,” म्हणाल्या. नुसतंच येते. पुढे ‘दादा’ नव्हतं.

दादांनी स्पिरिटची बाटली आणि फडकं घेतलं. घट्ट दगडावरच्या रेघा एका हातासरशी गेल्या. भोकांच्या दगडावरची तांबडी मात्र जाईना. वरून पुसली, तरी बारीक बारीक भोकांत शिरून बसली होती. दगडानं ती अकरा वर्षं पिऊन घेतली होती. दादांनी मॅडमची टेबलावर राहिलेली सुई उचलली, स्टूल ओढून बसले, आणि एकेका भोकातला रंग टोकरून काढू लागले.